लंकाबाईचा कोयता आणि छत्तीस टक्के

लंकाबाई पालवेनं बावीस वर्षं ऊस तोडला आणि मग एका पाडव्याला ठरवलं, की आता तोडायचा नाही, पिळायचा. इतकी वर्षं त्यानं आपल्याला पिळलं, तर फिट्टंफाट नको का व्हायला?

तिसगावाकडून मढीला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, चिंचेच्या सावलीत, तिनं चार खांबांवर पत्रे टाकले, एक जुना लोखंडी चरक आणला, त्याच्या चाकाला घुंगरांचा पट्टा बांधला आणि वर पाटी लावली : 'कानिफनाथ रसवंती गृह'. नावात तिची काही कल्पकता नव्हती. महाराष्ट्रात रसवंतीला नाव द्यायचं ते नाथांचंच, असा जणू सरकारी आदेशच आहे. त्यातून मढीला खुद्द कानिफनाथांची समाधी. त्यामुळं तेवढ्या एका रस्त्यावर 'कानिफनाथ रसवंती गृह' नावाच्या चार रसवंत्या होत्या. लोक मग खुणेनं ओळखत. लंकाबाईची ती 'कोयतेवालीची'.

कारण शेडच्या पुढच्या खांबाला, खिळ्यावर, तिचा ऊसतोडीचा कोयता टांगलेला असे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाच्या वहीत रामहरी आणि लंकाबाई मिळून एक कोयता असं लिहिलेलं असायचं. त्यात पाऊण कोयता कोण आणि पाव कोण, हे वहीत नसलं तरी फडातल्या बैलांनासुद्धा माहीत होतं.

रामहरी, म्हणजे तिचा नवरा, वाईट माणूस नव्हता. पीत नव्हता, मारत नव्हता, पत्ते खेळत नव्हता. अडचण एवढीच, की ह्या तीन गोष्टी सोडून उरलेल्या वेळात तो दुसरंही काही करत नव्हता. शेडच्या कोपऱ्यात बाजेवर बसायचं, एक पाय खाली सोडायचा आणि तो हलवत राहायचं, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. बसल्या जागी पाय हलवला की घरातली लक्ष्मी निघून जाते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लंकाबाई पस्तीस वर्षं ओरडत आली होती, "अवो, पाय थांबवा! लक्षुमी चालली!" रामहरी तेवढ्यापुरता थांबायचा, लक्ष्मी कुठवर गेली ते रस्त्यावर डोकावून बघायचा आणि पुन्हा सुरू.

तरीही लक्ष्मी आली होती. बारा वर्षं उन्हाळ्यात रस आणि बाकीचे महिने चहा-भजी विकून लंकाबाईनं बँकेत दोन लाख चाळीस हजारांची एफडी केली होती. पावती नाथांच्या फोटोमागं. ती म्हणायची, "ती पावती हाय तवर कोयता खिळ्यावर. पावती गेली, की कोयता हातात." हे ती हसत म्हणायची. पण भर उसात, पाचटात, अंगात ताप घेऊन मोळ्या वाहिलेल्या बाईचं ते हसणं होतं. त्याच्या खाली काय आहे, ते घरात कुणी उकरून बघत नसे.

तर त्या एफडीवर संकट आलं जिल्ह्यातल्याच नागापूरच्या एमआयडीसीतून. मोटारसायकलवर.

सूर्यभान नावाचा एक गृहस्थ रसाची नव्या पद्धतीची यंत्रं बनवून विकायचा. स्टीलचं, फ्रिजसारखं बंद पेटीचं मशीन. वरून ऊस घातला की एकाच फेरीत कोरडं चिपाड बाहेर. माशी नाही, ग्रीस नाही आणि आवाज तर अजिबात नाही. लंकाबाईलाही त्याची गरज वाटत होतीच. शिर्डी करून मढीकडं वळणाऱ्या गाड्यांतली शहरी माणसं तिच्या चरकावरच्या माश्या बघायची आणि काच तशीच वर करून निघून जायची.

"मावशी, किंमत फक्त दोन लाख चाळीस," सूर्यभान म्हणाला. हा आकडा त्याला नाथांच्या फोटोनं सांगितला की काय, असं लंकाबाईला वाटलं. त्यानं जाहिरातीच्या कागदामागं हिशोब मांडला. "रोज शंभर ग्लास जास्तीचे जाणार. ग्लासामागं आठ रुपये सुटले धरा. रोजचे आठशे. गुणिले तीनशे पासष्ट. दोन लाख ब्याण्णव हजार! दहा महिन्यांत मशीन फुकट, मावशी."

"आन आखाडात?"

"आखाडात काय?"

"आखाडात चिखलात उभं ऱ्हाऊन रस कोन पेनार? बेंडकं?"

सूर्यभाननं कागद ठेवला, चहा घेतला आणि 'विचार करा' म्हणून गेला.

विचार करायला घरात नवीन माणूस आलं होतं. लंकाबाईचा मुलगा समर्थ शिर्डीला हॉटेलात कामाला. त्याची बायको सुकन्या संगमनेरची, बी.कॉम. लग्नाला पाच महिने झाले होते आणि अजून तिची भाकरी गोल होत नव्हती. संगमनेर तालुक्याच्या नकाशासारखी व्हायची. प्रवरा जिथून वाहते तिथं बरोबर चीर पडायची. सासू काही बोलत नसे, पण भाकरी ताटात घेताना आधी ती फिरवून, कुठल्या बाजूनं सुरुवात करावी हे ठरवत असे. ते बोलण्याहून वाईट.

त्या संध्याकाळी सुकन्यानं तो कागद उचलला. "आत्या," ती म्हणाली, "ह्या माणसानं सगळं चुकीचं मांडलंय."

"ते मला बी कळलं. बरोबर काय ते मांड."

सुकन्यानं भाकरी तव्यावर टाकली आणि चुलीपुढंच पेन काढलं. "रसाचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. एकशे वीस दिवस. आठशे गुणिले एकशे वीस, शहाण्णव हजार. त्यातून वीज, दुरुस्ती बारा हजार. राहिले चौऱ्याऐंशी."

"बरं."

"आता घसारा."

"आता ह्यो कोन?"

"मशीन झिजतं ना आत्या. सहा वर्षं चालेल धरू. सहा वर्षांनी मोडीत घातलं तर तीस हजार येतील. म्हणजे दोन लाख दहा हजार झिजले. वर्षाला पस्तीस हजार. ते नफ्यातून वजा करायचे. नाहीतर आपल्याला वाटतं कमावतोय आणि खरं म्हणजे आपण मशीनच थोडं थोडं खात असतो. चौऱ्याऐंशीतून पस्तीस गेले, खरा नफा एकोणपन्नास."

लंकाबाईनं मान डोलावली. झिजणं तिला शिकवावं लागत नव्हतं.

"आता परताव्याचा दर. मशीनची सुरुवातीची किंमत दोन चाळीस, शेवटची तीस. सरासरी गुंतवणूक एक लाख पस्तीस हजार. एकोणपन्नास भागिले एकशे पस्तीस. छत्तीस टक्के!"

"थांब," लंकाबाई म्हणाली. "पैशे दोन चाळीस जानार. तू भागतीस एक पस्तिसानं. मधले कुटं गेले?"

"ती सरासरी आहे, आत्या. पुस्तकात तसंच आहे."

"सूर्यभानला मी सरासरीनं पैशे देनार हाय का? सरासरी लई वंगाळ असती, पोरी. सरासरी धरली, तर मी आन तुजा सासरा, दोगं बी कामाची मानसं."

बाजेवरचा पाय क्षणभर थांबला.

सुकन्यानं मुकाट्यानं पूर्ण रकमेनं भागलं. वीस टक्के आणि वर थोडे. "तरी एफडीच्या तिप्पट आहे," ती म्हणाली. "एफडी सात टक्के देते."

एवढ्यात भाकरी करपली. पण लंकाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांत एक जुनाट चमक आली होती. "मला आनखी येक काडून दे. पस्तीस वर्सांमागं माज्या बापानं अकरा हजार, येक सायकल आन येक हातातलं घड्याळ गुतवलं हुतं." तिनं हनुवटीनं बाजेकडं इशारा केला. "वर्साचा नफा काय धरतीस?"

"आत्या!"

"उन्हाळ्यात दोन हंडे पानी आनत्यात. तेवडं धर."

"मी मत द्यायला बी जातो," रामहरी बाजेवरून म्हणाला.

"घसारा बी धर. गुडगे गेल्यात."

सुकन्या हिशोबाच्या ओघात होती. तोंडातून निघून गेलं, "मग मामांची मोडीची किंमत काय धरू?" आणि तिनं जीभ चावली.

"मढीच्या यात्रंत गाढवाचा बाजार भरतो," लंकाबाई म्हणाली. "तितं गाढवाला तरी भाव येतो बग."

रामहरीच सगळ्यात आधी हसला. तो तेवढा मात्र खरोखर चांगला होता.

घसाऱ्याची गोष्ट मात्र लंकाबाईच्या मनात बसली. दोन दिवस विचार करून तिनं विचारलं, "ते पस्तीस हजार दरसाल बाजूला काढलं, तर सा वर्सांत?"

"दोन लाख दहा. वर मोडीचे तीस."

"दोन चाळीस. म्हंजी माजी पावती परत." तिनं गोडेतेलाचा एक रिकामा डबा धुतला, झाकणाला चीर पाडली आणि नाथांच्या फोटोखाली ठेवला. मग फोटोमागची पावती काढून बँकेत गेली. घसाऱ्याच्या डब्यावर भरवसा ठेवून एफडी मोडणारी त्या तालुक्यातली ती पहिली बाई असावी.

महाशिवरात्रीच्या आठवडाभर आधी मशीन आलं. हार घातला, नारळ फोडला. जुना चरक मागं बाभळीखाली गेला. मशीन म्हणजे काय, देवमाणूस! ऊस घालावा, हूं नाही की चूं नाही, खाली रस. लंकाबाई स्वच्छ पदर घेऊन उभी राहिली. सुकन्या वही घेऊन बसली.

आणि गिऱ्हाईक येईना.

पहिल्या दिवशी वाटलं, वार वाईट असेल. तिसऱ्या दिवशी वाटलं, ऊन कमी आहे. आठवड्यानं काही वाटून घ्यायला उरलंच नाही. जुन्या चरकावर ह्या दिवसांत एकशे वीस ग्लास जात. आता सत्तर. गाड्या यायच्या, त्याच वेगानं पुढं जायच्या आणि पुढच्या 'कानिफनाथ'ला थांबायच्या. त्याच्याकडं तोच जुना चरक, त्याच माश्या, शिवाय बर्फात लाकडाचा भुसा. शंभर जास्तीचे सोडा, पन्नास कमी झाले होते. सुकन्या रोज दर काढायची आणि कागद चुलीत घालायची. उणे टक्के सासूला कोणत्या तोंडानं सांगायचे?

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिला करकर आवाज आला. लंकाबाई ओट्यावर बसून दगडावर कोयत्याला धार लावत होती. बारा वर्षांत पहिल्यांदा तो खिळ्यावरून खाली आला होता.

"आत्या, माझं चुकलं."

"गुनाकार चुकला?"

"नाही. गुणाकार बरोबर आहे."

"मग तुजं काय चुकलं? गिऱ्हाईकानं तुजी वही वाचली न्हाई, येवडंच." ती अंगठ्यानं धार बघत होती. "मी नुसता गंज काडतीय. बोलवायला मुकादम दसऱ्याला येतो. अजून लई टाइम हाय."

गंज काढणारा माणूस मुकादम कधी येतो हे असं तोंडपाठ सांगत नाही. सुकन्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुपारी पाथर्डी डेपोचा ड्रायव्हर बजरंग एसटी बाजूला लावून खाली उतरला. हा दहा वर्षांचं ठरलेलं गिऱ्हाईक, पण तीन आठवडे फिरकला नव्हता. शेडमध्ये येऊन तो लंकाबाईकडं भूत बघावं तसा बघत राहिला.

"काकू, तुमी हायेत व्हय?"

"न्हाई, मी गेले. ही माजी शिरादाची जाहिरात. असं का इचारतूस मेल्या?"

"आवो, घुंगरू वाजंना! रोज वळनावर आलो की आवाज येतो, मग बिरेक दाबतो. मी मान वळवून कुटं बगतो? कान बगतात. आवाज न्हाई आला, म्हनलं काकूनं बंद केलं. डेपोत तर कुनी म्हनलं, गेली बिचारी. आमी दोन मिंट उबं बी ऱ्हायलो."

सासू-सुनेनं एकमेकींकडं बघितलं.

वीज धरली होती. दुरुस्ती, घसारा, आखाड, मोड, सगळं धरलं होतं. घुंगरू कुणी धरलंच नव्हतं. कारण बारा वर्षं ते फुकट वाजत होतं, आणि जे फुकट वाजतं ते वहीत कुठल्या रकान्यात घालायचं, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. सूर्यभाननं तर 'आवाज नाही' हे मशीनचं कौतुक म्हणून सांगितलं होतं. उन्हात डुलक्या घेत चाललेल्या माणसाला रसाची तहान डोळ्यांनी लागत नाही, कानानं लागते, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लंकाबाईनं धावत जाऊन बाभळीखालच्या चरकाचा घुंगरांचा पट्टा सोडून आणला. पण बांधायचा कशाला? स्टीलच्या पेटीला बाहेर चाकच नाही. पंख्याला बांधला, तर पंखा एका बाजूला कलला आणि आवाज भांडी पडल्यासारखा यायला लागला. दोरीनं चिंचेला टांगला, तर वाऱ्याच्या मर्जीवर. सुकन्यानं स्वतः हातात धरून हलवला, दहा मिनिटांत मनगट भरून आलं. न थकता, न थांबता, एका ठेक्यात दिवसभर हलणारी वस्तू आणायची कुठून?

सुकन्याची नजर कोपऱ्यातल्या बाजेकडं गेली. आणि तिथंच खिळली.

छुक, छुक, छुक, छुक.

सुनेनं सासऱ्याच्या पायाकडं असं टक लावून बघणं बरं नव्हे. तिनं हळूच सासूच्या पदराला हिसका दिला आणि डोळ्यांनी दाखवलं. लंकाबाईनं बघितलं. पस्तीस वर्षं जी गोष्ट बघून तिच्या कपाळाची शीर उठत होती, तीच ती पहिल्यांदा बघत असल्यासारखी बघत राहिली. मग पट्टा घेऊन बाजेकडं गेली.

"हे काय? हे काय?" रामहरीनं पाय वर ओढला. "मी काय तमाशातली बाई हाय?"

"तमाशातलीला उबं ऱ्हावं लागतं. तुमाला बसूनच हाय. बाज बी तीच. फकस्त जरा रस्त्याकडं सरकवू."

"लोक काय म्हनतेन?"

"पस्तीस वर्सांत पैल्यांदा म्हनतेन, की रामहरी काम करतो."

घुंगरू बांधलं. दोनच मिनिटांत रामहरी ते विसरला आणि त्याचा पाय आपोआप सुरू झाला. छुन्न, छुन्न, छुन्न, छुन्न. चरकाच्या मोटारीलाही जमला नसता असा ठेका. पंधराव्या मिनिटाला एक गाडी रस्त्यावरून पुढं गेली, थांबली आणि मागं आली.

होळीला मढीची यात्रा सुरू झाली आणि मग वही लिहायला सुकन्याला उसंत मिळेना. त्या गर्दीतच पाडवा आला. साखर कारखान्यांचे हंगाम संपून टोळ्या गावाकडं परतायला लागल्या. लंकाबाईचा एक जुना रिवाज होता. फडावरून परतणाऱ्या बाईला पहिला ग्लास फुकट. ट्रॅक्टर थांबायचे, काळ्या पडलेल्या बाया उतरायच्या, रस एका दमात प्यायच्या आणि पदरानं तोंड पुसून ट्रॉलीत चढायच्या. सुकन्यानं मोजले, दोनशे अकरा ग्लास.

"आत्या, हे कुठं लिहू? नफ्यातून वजा होणार."

"घसाऱ्यात लिव," लंकाबाई म्हणाली.

"पण घसारा मशीनचा असतो."

लंकाबाई ट्रॉलीकडं बघत होती. "आसं का? बरं. मग जितं जागा आसंल तितं लिव."

जूनच्या मध्यावर पहिला पाऊस यायच्या आत सुकन्यानं वर्षाचा हिशोब घातला. तीन आठवडे बुडाले होते, फुकटचे दोनशे अकरा होते, तरी वजाबाकी करून जास्तीचे नऊ हजार ग्लास गेले होते. बहात्तर हजार. वीज-दुरुस्ती जाऊन साठ. घसारा पस्तीस. खरा नफा पंचवीस हजार.

"पूर्ण रकमेनं भागलंय," तिनं आधीच सांगून टाकलं. "साडेदहा टक्क्यांना जरासं कमी. छत्तीस नाही. वीस पण नाही."

"पन सातापरीस जास्ती."

"हो, सातापेक्षा जास्त."

लंकाबाईनं डबा उघडला. नोटा सुट्ट्या, चिकट, आल्या-लिंबाच्या वासाच्या. सुकन्यानं दोनदा मोजल्या. पस्तीस हजार, एक रुपया कमी नाही. दुसऱ्या दिवशी दोघी बँकेत जाऊन आल्या आणि नाथांच्या फोटोमागं पुन्हा एक पावती गेली. छोटी, पण पावतीच. धार लावलेला कोयता लंकाबाईनं परत खिळ्यावर टांगला. टांगून झाल्यावर खिळा हलतो का ते बघून दगडानं दोन ठोके घातले.

बाजेवरून रामहरीनं खाकरून आवाज काढला. तीन महिने पायानं कमावलेल्या माणसाचा तो आवाज होता. "मंग माज्या मजुरीचं काय?"

सुकन्यानं पेन उचललं. "मामा, महिन्याला तीन हजार धरले, तर तीन महिन्यांचे नऊ. पंचवीसातून नऊ गेले, सोळा. दर पावणेसात टक्केसुद्धा नाही. एफडीच्या खाली."

"म्हंजी?"

"म्हंजी," लंकाबाई म्हणाली, "तुमाला पगार दिला की मशीन घेतलं ती चूक ठरती. आन चूक तुमच्या सुनंची ठरंल. चालतंय का?"

रामहरीनं सुनेकडं बघितलं. तिनं नुकतीच पुढ्यात ठेवलेली भाकरी बघितली. आज ती संगमनेर तालुक्यावरून जरा शेजारच्या अकोले तालुक्याच्या बाजूला सरकली होती, पण गोलाईचा प्रयत्न दिसत होता.

"न्हाई चालत," तो म्हणाला. "पन रोज येक ग्लास. आलं जास्ती घालून."

"त्येवडं परवडतं का बग गं," लंकाबाई म्हणाली. सुकन्यानं पेन टोपणात घातलं आणि सांगितलं, परवडतं.

शेवटचे चार-दोन दिवस हंगामाचे उरले होते. दुपारी ऊन अजून कडक होतं. रामहरीनं त्याचा पगाराचा ग्लास संपवला, मिशा पुसल्या, बाजेवर टेकला आणि आल्याच्या गुंगीत त्याचा डोळा लागला. घुंगरू आधी मंद झालं, मग थांबलं. वळणावरून शिर्डी करून निघालेल्या दोन गाड्या येताना लंकाबाईला दिसल्या. पहिलीचा वेग काही कमी होईना.

लंकाबाई हातातला ऊस टाकून शेडभर ओरडली,

"अवो, पाय हलवा! लक्षुमी चालली!"